दिसला आणि दिसलो

शिरोडा, १९ मार्च

प्रिय फ्लाव्हिया,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता टाइप करून घेतला. एवढी लबाडी मला जमते. कोर्टात चौतीस वर्षं काढली आहेत.

निवृत्त झाल्यापासून मला एक नाद लागलाय. लोक दुपारी मालिका बघतात, मी मोबाइलवर विधानसभा लावते आणि मांडीवर वही घेऊन सगळं लघुलिपीत उतरवते. ते कुणी वाचणार नाही. हात चालता राहावा, एवढंच.

काल फौजदारी कायद्यातल्या दुरुस्त्यांचं विधेयक चर्चेला होतं. दिल्लीने जुने कायदे बदलून नव्या संहिता आणल्या, त्यात आता आपलं राज्य काही कलमं घालू पाहतंय. बरीचशी रुक्ष होती, समन्स फोनवर पाठवायचं की घरी नेऊन द्यायचं, असली. नववं कलम आलं आणि माझी पेन्सिल थांबली. साक्षीदार कोर्टात ज्या बोलीत बोलेल त्याच बोलीत त्याची साक्ष शब्दशः लिहून घ्यावी, त्याखाली प्रमाण मराठी लिहावं आणि दोन्ही त्याला समजावून द्यावं, असं ते कलम.

विदर्भातले एक सदस्य उठले. वऱ्हाडीला एक टंकलेखक, अहिराणीला एक, झाडीबोलीला एक, शासन काय मेगाभरती काढणार आहे का, असं त्यांनी विचारलं. आपल्याकडचे एक आमदार म्हणाले, "अध्यक्ष महाराज, माझी आजी कोर्टात 'माका काय म्हायत नाय' असं म्हणाली असती, तर तुम्ही काय लिहून घेतलं असतं?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "साक्षीदार फितूर!" सगळं सभागृह हसलं. मी वहीत कंसात (हशा) असं लिहिलं. तशी पद्धतच आहे.

मग मला तुझी आई, ईडामावशी, आठवली.

तुला सगळं माहीत आहे, पण क्रमाने मांडल्याशिवाय मला विचार करता येत नाही. तेरा वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर एक यांत्रिक होडी जळली. तिच्यात ताप भरून निजलेला राखणदार गणपत भाजला आणि चौथ्या दिवशी गेला. ईडामावशी त्या संध्याकाळी चर्चमध्ये रोझरची माळ जपून घरी येत होती. माडांच्या बागेतून कुणीतरी पाठमोरं पळत गेलं, ते तिने पाहिलं. तुमच्या शेजारच्या आनंदीचा मुलगा अजय पकडला गेला, कारण जाळ्यावरून होडीच्या मालकाशी त्याची बाचाबाची झाली होती. नुसत्या बाचाबाचीवर कुणाला शिक्षा होत नाही. त्याला शिक्षा झाली ती मावशीच्या साक्षीवर. आठ वर्षं तो आत होता.

तेव्हापासून वाडी म्हणते, ईडाने शेजारच्या पोराला खोटी साक्ष देऊन बुडवलं. मावशी म्हणते, मी तसं बोललेच नव्हते. त्यावर वाडी म्हणते, बघा, आता पलटली. लग्नाकार्याची बोलावणी बंद झाली, विहिरीवर बायका तिला बघून उठून जायला लागल्या, तेव्हा तू तिला म्हापशाला घेऊन गेलीस.

ती साक्ष लिहून घेणारी कोर्टातली लघुलेखिका मी होते. हेही तुला माहीत आहे.

नवव्या कलमाला माझा विरोध आहे. ते चालणारं नाही, कामाचा खोळंबा होईल. नागरिकांच्या हरकती मागवल्या तर मी नीट मुद्देसूद हरकत पाठवणार आहे. हे तुला का कळवते आहे ते मला सांगता येत नाही. मावशीला माझा नमस्कार सांगायचा की नाही, तू ठरव.

विनीता

शिरोडा, ६ एप्रिल

प्रिय फ्लाव्हिया,

उत्तर आलं नाही. पत्रही परत आलं नाही. म्हणजे पोचलं, असं धरून पुढे लिहिते.

मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली. मावशी साक्षीच्या पिंजऱ्यात नेमकं काय म्हणाली, ते मी तुला कधीच सांगितलं नाही. ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. सरकारी वकिलांनी विचारलं, काय पाहिलंत? मावशी म्हणाली:

"सांज झाल्ली. मी रोझर करून येय होतंय. माडांतसून एक मनीस धावत गेलो. माका दिसला अजय म्हणान."

न्यायाधीश मराठवाड्यातले. बदली होऊन त्यांना आपल्याकडे वर्ष झालं नव्हतं. त्यांनी मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय म्हणतायत बाई? अजय दिसला?"

मी म्हणाले, "हो साहेब. दिसला म्हणतायत."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, 'मला अजय पळताना दिसला.'

आता तूच बघ. पुस्तकी मराठीत 'मला अजय दिसला' म्हणजे डोळ्यांनी पाहिला. आपल्या टोकाला, आणि गोव्याकडच्या तुम्हा मंडळींत तर सर्रास, 'माका दिसला' म्हणजे मला वाटलं. मावशी म्हणत होती, मला वाटलं की तो अजय असावा. खरोखर तो तिच्या नजरेला पडला असता, तर ती 'अजय दिसलो' म्हणाली असती. गेलो, इलो, दिसलो. बाप्या माणूस असला की आपल्याकडे ओ लागतो. शाळेचं तोंड न पाहिलेलं पोरगंही त्यात चुकत नाही. मावशीही चुकली नव्हती. आधीच्याच वाक्यात 'धावत गेलो' म्हणाली आणि लगेच पुढे 'दिसला'.

साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवतात. मीच वाचली. 'मला अजय पळताना दिसला.' न्यायाधीशांनी विचारलं, बरोबर आहे? मावशी म्हणाली, "होय, दिसला, दिसला." तिच्या भाषेत ते अगदी बरोबर होतं. तिने रोमन लिपीत सही केली आणि मला हाताने खूण करून विचारलं, जाऊ का? मी मान हलवली.

निकालपत्रात पुढे असं आलं की, साक्षीदार आरोपीला तान्हेपणापासून ओळखते, त्यामुळे पाठमोरा असला तरी तिची चूक होणं संभवत नाही. अजय लहान असताना आनंदी मजुरीला गेली की तो तुमच्या घरी जेवायचा. तेही त्याच्या विरुद्ध गेलं.

त्या दिवशी सात साक्षी होत्या आणि दुपारपासून वीज नव्हती. गडबडीत झालं. शब्द तर मी बदललाच नव्हता.

विनीता

शिरोडा, १२ जुलै

प्रिय फ्लाव्हिया,

पावसाळी अधिवेशनात परवा विधेयक पुन्हा आलं. नवव्या कलमावर तासभर बोलणं चाललं. एक सदस्य म्हणाले, आमच्या भागात 'भाऊने टाकला' म्हणजे भावाने मारलं की भावाने काही खाली ठेवलं, हे ठरवायला उद्या न्यायाधीश शब्दकोश घेऊन बसणार का? दुसरे म्हणाले, बसले तर बिघडलं कुठे? मग मूळ विषय बाजूला राहिला आणि कुणाच्या जिल्ह्याची बोली जास्त गोड यावर वाद सुरू झाला. शेवटी गोंधळात विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. मी माझी हरकत टपालात टाकली आहे. चार पानं, एकही खाडाखोड नाही.

मागच्या आठवड्यात भाचीला सोडायला नांदगाव स्टेशनवर गेले होते. [हे वाक्य मी खोडलं आहे. खोडलेलं तुला वाचता येईल. भाची कणकवलीहूनच गेली. मी नांदगावला मुद्दाम गेले.]

सुटल्यावर अजय गावात राहिला नाही. नांदगावला हायवेच्या कडेला तो पंक्चर काढतो. चाळीस वर्षांचा झालाय, केस पार पांढरे. टायरची ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होता. मान वर केली आणि म्हणाला, "काकी, तुमी कोर्टातल्या."

"ओळखलंस?"

"ईसरतलंय कसो? केस चालली तवसर तुमकाच तर बघी होतंय."

त्याने स्टूल पुसून दिलं. मी त्याला सरळ विचारलं, त्या दिवशी ईडामावशी काय म्हणाली ते तुला आठवतं का?

"तिणा काय खोटा सांगूक नाय," तो म्हणाला. "तिणा 'दिसला' म्हटल्यान. माका तेव्हा बरा वाटला. मनात म्हटलंय, सुटलंय आता. मगे सायबान तुमका इचारल्यान आणि तुमी 'हो' म्हटलात. मी तुमच्याकडे बघी होतंय. आता सांगतली, आता सांगतली, म्हणान."

"वकिलांना नाही सांगितलंस?"

"सांगलंय. तो कोल्हापूरचो. तेका ह्या समजाक सा महिने लागले." तो थोडा हसला. "आईक पण सांगलंय. ती म्हणता, कोर्टाच्या कागदार लिवलेला खोटा कसा आसात?"

मग त्याने ट्यूब बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि मला विचारलं, "काकी, तुमी हयसरच्याच मा?"

इथल्याच ना तुम्ही, एवढंच त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. मी हो म्हणाले. त्याने समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि तो मी प्यायले. न पिता उठून आले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

होडी त्याने जाळली की नाही, हे मी विचारलं नाही. मला ते तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. मावशीलाही माहीत नव्हतं, आणि तेच तर ती सांगत होती.

विनीता

शिरोडा, २१ सप्टेंबर

प्रिय फ्लाव्हिया,

विधिमंडळाच्या सचिवालयाकडून पत्र आलं आहे. समिती पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला येणार. माझी हरकत त्यांना 'अभ्यासपूर्ण' वाटली, म्हणून नवव्या कलमाच्या विरोधात साक्ष द्यायला मला बोलावलं आहे. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या साक्षी लिहिल्या, आता माझी साक्ष कुणीतरी लिहिणार. वाचून मी मोठ्याने हसले. घरात दुसरं कुणी नसल्यामुळे ते बरं दिसलं नाही.

एप्रिलच्या पत्रात मी गडबडीत झालं असं लिहिलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं लिहिते.

शिक्षेनंतर अजयच्या वकिलाने अपील केलं. त्यात त्याने हाच मुद्दा घेतला, की साक्षीदार बाईच्या बोलीत 'दिसला'चा अर्थ वेगळा होतो. वरून आमच्या कोर्टाकडे विचारणा आली. साक्ष नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याचा खुलासा पाठवा. मला आठ दिवसांची मुदत होती, फ्लाव्हिया. तेव्हा वीजही होती आणि घाईही नव्हती. मी दोनदा कच्चा मसुदा केला आणि एका ओळीचा खुलासा पाठवला, 'नोंद साक्षीदाराच्या उच्चाराप्रमाणे अचूक आहे.'

उच्चाराप्रमाणे. तो शब्द मी विचार करून घातला होता. त्यात खोटं असं काहीच सापडणार नाही, याचं मला तेव्हा समाधानही वाटलं. अपील फेटाळलं गेलं. निकालात माझी ओळ अवतरणचिन्हांत आली आहे.

का केलं, ते सांगते. नोकरीला लागले तेव्हा प्रशिक्षणात मी एकदा 'मी जेवान इलंय' म्हणून गेले. पुढचे तीन महिने वर्ग मला 'इलंय' म्हणून हाक मारायचा. त्यानंतर कोर्टाच्या आवारात मालवणीचा एक शब्द मी तोंडातून काढला नाही. शिपाई मालवणीत बोलला तरी मी पुण्याच्या बाईसारखं उत्तर द्यायचे. त्या न्यायाधीशांनी माझ्या गोपनीय अहवालात लिहिलं होतं, 'मराठीवर असामान्य प्रभुत्व.' ते वाक्य मी घरी येऊन पाठ केलं. भर कोर्टात उभं राहून 'साहेब, आमच्या बोलीत याचा अर्थ असा' म्हणायचं, म्हणजे ती बोली आमची आहे हे आधी कबूल करायचं. खुलाशात तर ते सहीनिशी कबूल करावं लागलं असतं.

एवढ्यासाठी. दुसरं काही मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

विनीता

शिरोडा, १८ ऑक्टोबर

प्रिय फ्लाव्हिया,

काल ओरोसला जाऊन आले.

लांब टेबल, अकरा सदस्य, बिस्किटं. माझ्या आधी दोन वकील आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी झाले. तिघांनीही कलम चांगलं आहे पण व्यवहार्य नाही, असं सांगितलं. मग माझा नंबर आला. अध्यक्षांनी माझी चार पानं समोर धरली आणि म्हणाले, "बाई, तुमचा या कलमाला विरोध आहे, बरोबर?"

मी म्हणाले, "होता."

मग सांगितलं. गावाचं नाव घेतलं, मावशीचं घेतलं, अजयचं घेतलं, माझं घेतलं. 'माका दिसला अजय म्हणान' हे जसंच्या तसं म्हणून दाखवलं. माझा आवाज मला ओळखू येईना. कोपऱ्यात त्यांची प्रतिवेदक मुलगी बसली होती, मी बसायचे तशीच, वहीवर वाकून. ती थांबली आणि तिने विचारलं, "मॅडम, हे कसं लिहू?" अध्यक्ष म्हणाले, "पुढे चला, पुढे चला."

परभणीकडचे एक सदस्य पुढे वाकले. "पण बाई, तुम्ही तर इथल्याच. तुम्हाला अर्थ कळत होता. मग त्याच वेळी का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"कसली?"

"मालवणीची."

इथे हशा लिहावा लागेल असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. त्या सदस्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, आमच्या आईला मी मुंबईत पाहुण्यांसमोर बोलू देत नाही. मग त्यांनाच ते बोलल्याचं अवघड झालं असावं, कारण लगेच त्यांनी पाणी मागितलं. विधी खात्याच्या अधिकाऱ्यांनी अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं. नंतर ते मोठ्याने म्हणाले, हे व्यक्तिगत आणि निकाली निघालेलं प्रकरण आहे, नोंदीत येऊ नये. अध्यक्षांनी बघू असं म्हटलं. मला एकूण बारा मिनिटं मिळाली.

एसटीत परत येताना मला हलकं वाटेल असं मी धरून चालले होते. तसं काही झालं नाही. भूक मात्र लागली.

विनीता

शिरोडा, १५ नोव्हेंबर

प्रिय फ्लाव्हिया,

परवा दुपारी म्हापशाच्या नंबरवरून फोन आला. मी हॅलो म्हणाले, पलीकडे कुणी बोलेना. मागून मावशीचा आवाज आला, "कोण गो?" आणि फोन बंद झाला. तूच होतीस. मी परत लावला नाही. बोलायचं की नाही हे तू ठरवायचंस.

समितीकडून माझ्या साक्षीचा मसुदा तपासायला आला. साक्षीदाराला तो पाठवायची पद्धत आहे. माझी बारा मिनिटं तीन ओळींत बसवली आहेत. 'श्रीमती विनीता यांनी बोलीभाषेतील साक्षींची नोंद घेताना येणाऱ्या अडचणींबाबत आपले अनुभव विशद केले. अशा प्रसंगी अनवधानाने चुका होऊ शकतात, असे त्यांनी नमूद केले.' सुंदर मराठी आहे. मीसुद्धा असंच लिहिलं असतं. त्या मुलीचा राग येईना.

मी लाल पेनने तिन्ही ओळी खोडल्या आणि समासात सगळं लिहिलं. समास पुरला नाही तेव्हा दोन कागद जोडले. 'अनवधानाने' काढून 'जाणूनबुजून' केलं. मावशीचं वाक्य देवनागरीत मालवणीतच लिहिलं आणि त्याखाली अर्थ. प्रत्येक पानावर सही केली आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं.

इथल्या एका पेपरात ओरोसच्या सुनावणीची बातमी आली होती, माझ्या नावासकट. त्यामुळे वाडीत आता सगळ्यांना कळलं आहे. माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. त्याचं मला काही विशेष नाही, मी आधीही कुणाशी फारसं बोलत नव्हते. आनंदी मात्र आली. अजयची आई, तेरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायरीवर. मला वाटलं शिव्या घालील. ती ओट्यावर बसली आणि बराच वेळ पदराची कड मुडपत राहिली.

"तुका काय बोलाचा ता मी मगे बोलतलंय," ती म्हणाली. "आधी माका सांग, आता मी ईडाक खंयच्या तोंडान बघू? माझो झील सांगी होतो, मावशेन तसा म्हणूक नाय, आणि मी कागदार विश्वास ठेवलंय. तिणा माझ्या झिलाक भरवल्यान गो, आणि मी तिच्या दारासमोर थुकलंय."

पोटच्या मुलाचं नाही, कागदाचं खरं मानलं, हे तिला सलत होतं. कोर्टात असते तर खाली बघून लिहीत राहिले असते. इथे हातात पेन्सिलही नव्हती. शेवटी मी तिला म्हणाले, "मीच सगळा केलंय, आनंदी. तू फसलंस, मी फसवलंय." मालवणीत म्हणाले. आईनंतर घरात पहिल्यांदा.

विनीता

शिरोडा, २० डिसेंबर

प्रिय फ्लाव्हिया,

काल नागपुरात विधेयक मंजूर झालं. नववं कलम वगळून. समितीच्या शिफारशीवरूनच वगळलं. कारण 'प्रशासकीय अडचणी'. आपल्या आमदारांनी ते पुन्हा घालण्याची दुरुस्ती मांडली, विरोधक कुठल्याशा दुसऱ्याच कारणासाठी सभात्याग करून गेले होते, आवाजी मतदान झालं आणि दुरुस्ती पडली. माझ्या घड्याळाने अकरा मिनिटं. एका सदस्याने बोलायला हात वर केला होता, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मी ते वहीत लिहिलं आहे, अधिकृत अहवालात येणार नाही.

समितीचा अहवाल मात्र गेल्या आठवड्यातच सभागृहाच्या पटलावर ठेवला गेला, आणि त्याला साक्षीदारांचे जबाब जोडलेले आहेत. विधी खात्याचं काय झालं कोण जाणे, कदाचित कुणी वाचलंच नसेल. माझे लाल पेनचे दोन्ही कागद जसेच्या तसे छापले आहेत. पान १३१. 'माका दिसला अजय म्हणान' हे महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या कागदांत आता पांढऱ्यावर काळं आहे. त्याच्याखाली माझं नाव आणि 'जाणूनबुजून'. पानाची प्रत सोबत जोडली आहे. अजयलाही एक पाठवली. त्याच्या वकिलाचं म्हणणं, या कागदावरून पुन्हा अर्ज करता येईल, मी प्रतिज्ञापत्र द्यावं. देणार आहे. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होईल.

रविवारी सकाळच्या गाडीने आनंदी आणि मी म्हापशाला येणार आहोत. दार उघडायलाच हवं असं नाही.

पण त्याआधी एक जुनं उत्तर द्यायचं आहे. मावशीला म्हापशाला नेल्यावर महिन्याभरात तू मला एक पत्र लिहिलं होतंस. मी ते मिळालंच नाही असं दाखवलं. मिळालं होतं. तू लिहिलं होतंस: 'आई आधी बोलली आणि नंतर लोकांना घाबरून पलटली असं मला वाटतं. मला तिची लाज वाटते. तू तिथे होतीस. एकदाच खरं काय ते सांग, मी परत विचारणार नाही.'

तू परत विचारलं नाहीस. मी गप्प राहिले, त्याचा अर्थ आई पलटलीच असा तू लावलास, आणि माझ्या गप्प राहण्याचा दुसरा अर्थ लागूच शकत नव्हता. तुमच्याकडून येणारी माणसं सांगतात, फ्लाव्हिया आईचं औषधपाणी, अंघोळ, चर्चला नेणं, कशात म्हणून कमी करत नाही. फक्त म्हातारी त्या केसबद्दल बोलायला लागली की उठून दुसऱ्या खोलीत जाते. अजयची आठ वर्षं माझ्या नावावर आहेतच. पण ते दुसऱ्या खोलीत जाणं ऐकलं तेव्हा मला रडू आलं. इतक्या वर्षांत या प्रकरणावर मी रडले ती तेवढ्यापुरतीच.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या आईने कोर्टात खरं सांगितलं. नंतर तेरा वर्षं तिने तेच सांगितलं, एकही शब्द न बदलता. घाबरून पलटली ती मी. हे मी रविवारी तिच्यासमोर म्हणेनच, पण माझ्याकडून ऐकून तिला काय मिळणार? ती थांबली आहे ते तू म्हणावंस म्हणून. रविवारच्या आधी म्हण.

विनीता